डावी टाकी

माशांच्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन असो की आभाळ, आतला दिवस सकाळी आठला ठरल्या वेळी उजाडायचा आणि रात्री दहाला मावळायचा. भिंतीलगतच्या मांडण्यांवर ओळीने टाक्या, त्यांत बोटाच्या दोन पेरांएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, पंपांची एकसुरी घरघर आणि ओल्या खाद्याचा वास. नवीन माणसाला तो वास दोन दिवस छळतो, मग नाकच त्याचा नाद सोडतं. ताईला तो येईनासा होऊन अकरा वर्षं झाली होती.

ताई म्हणजे या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेतली सर्वांत जुनी संशोधक. संचालकांपासून सफाईवाल्या बाईंपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. या आपलेपणाची सोय अशी की तिचं पद काय, हे कोणाला आठवावं लागत नसे. पद नव्हतंच. दर वर्षी एक पत्र यायचं, ‘आपली नेमणूक पुढील बारा महिन्यांसाठी वाढवण्यात येत आहे’, आणि ताई ते मुकाट्याने फायलीत लावायची. तिच्या हाताखाली माशांना जाळीत धरायला शिकलेली चार जणं आज दुसरीकडे विभागप्रमुख होती. घरी आई होती, शहात्तर वर्षांची, आयुष्यभर कचेरीत टंकलेखन केलेली. बोटं थकली तरी जीभ अजून त्याच वेगाने चालायची. “माझी गुडघेदुखीसुद्धा कायम झाली,” ती म्हणायची, “तू कधी होणार?”

आता होणार होती. तीन आठवड्यांनी समिती येणार, काम बघणार आणि कायम नेमणुकीचा निर्णय देणार. पंचेचाळिशीनंतर तो दरवाजा नियमानेच बंद होत असे, आणि ताईला पंचेचाळिसावं लागलं होतं. ही शेवटची खेप. या एका गोष्टीसाठी तिने काय केलं होतं ते तिला ठाऊक होतं, प्रयोगाचे प्रमुख असलेल्या सरांना ठाऊक होतं, आणि मास्तरांना.

प्रयोग ऐकायला सोपा होता. जांभई जशी दुसऱ्याची बघून येते, तशी भीती नुसती बघून लागते का? मोठ्या खोलीला लागून एक छोटी खोली होती, तिथे काचेच्या दोन टाक्या एकमेकींना चिकटून ठेवलेल्या. पाणी वेगवेगळं, मध्ये काळा पत्रा. डाव्या टाकीत एक मासा, उजव्या टाकीत एक. डाव्या टाकीत माशाच्या कातडीच्या अर्काचा एक थेंब सोडायचा. माशांच्या जगात त्या वासाचा अर्थ एकच, जवळपास कोणीतरी मारलं गेलं आहे. मग डावा मासा सैरावैरा पळतो आणि शेवटी तळाशी जाऊन थिजतो. उजव्याला वास पोचत नाही. पत्रा वर उचलला की त्याला फक्त शेजारी दिसतो. तोही थिजला, तर भीती डोळ्यांवाटे गेली. नंतर त्याच्या मेंदूचे पातळ काप काढून कुठल्या पेशी उजळल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

पडताळा म्हणून दर चौथ्या खेपेला डावी टाकी रिकामी ठेवायची. नुसतं पाणी. तेव्हा उजव्याने आरामात फिरायला हवं. प्रत्येक खेपेला डाव्या टाकीवर एक लेबल लावलं जाई. त्यावर माशाचा क्रमांक, किंवा एक शब्द: रिकामी.

नव्या मालिकेतली चौथी खेप मंगळवारी सकाळी होती. ताईने लेबल लिहिलं, चिकटवलं, कॅमेरा सुरू केला आणि पत्रा उचलला. उजवी मासोळी तरतरीत होती. ती काचेजवळ आली आणि थांबली. मग काचेला धरून हळूहळू डावीकडे गेली, तशीच उजवीकडे आली, थोडी वर चढली. समोरून कोणी फिरत असेल आणि आपण त्याच्याकडे बघत असू, तर माणूसही असाच सरकतो. दोन मिनिटं दहा सेकंदांनी तिने एकदम मागे उसळी घेतली, तळ गाठला आणि ती थिजली. कल्लेसुद्धा जेमतेम हलत होते.

डाव्या टाकीत पाणी होतं. एखादा मासा भित्रा असतो, ताईने स्वतःला सांगितलं आणि सेकंद लिहून ठेवले.

आठव्या खेपेला दुसरा मासा होता. बाराव्या खेपेला तिसरा. दोघेही थिजले. ताईने तिघांच्या हालचालींचे आलेख काढून एकावर एक ठेवले तेव्हा कागद उजेडात धरूनही तिला तीन रेषा दिसेनात. एकच रेषा होती. चाळिसाव्या सेकंदाला डावीकडे, सव्वा मिनिटाला वर, दोन मिनिटं दहा सेकंदांनी उसळी. एकच नाटक बघणारी माणसं एकाच जागी दचकतात, तसं ते होतं.

ताई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हती. तिचा विश्वास घाणीवर होता. आधीच्या खेपेचा अर्क राहिला असेल म्हणून तिने टाकी गरम पाण्याने तीनदा धुतली. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल म्हणून दिव्याची जागा बदलली. पंपाचा कंप असेल म्हणून पंप बंद ठेवला. टाक्यांची अदलाबदल केली, मग दोन्ही टाक्या भंगारात टाकून कोठारातून कोऱ्या काढल्या. काही फरक पडला नाही. थिजलेल्या माशांच्या मेंदूचे काप तिने दोन दिवस डोळ्यांत तेल घालून तपासले. शेजारी घाबरलेला मासा बघताना ज्या पेशी उजळतात, त्याच उजळल्या होत्या. म्हणजे माशांनी मासाच बघितला होता. मेंदूला खोटं लिहिता येत नाही.

शुक्रवारी रिकामी टाकी उपसताना तिला तळाशी काहीतरी दिसलं. तिने नळीने ते शोषून बशीत घेतलं आणि दिव्याखाली धरलं. दोऱ्यासारखी बारीक, तपकिरी, नखाएवढी लांब रेघ. अकरा वर्षांत तिने अशा हजारो बघितल्या होत्या, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. ती माशाची विष्ठा होती. ताईने बशी धुतली, हात धुतले, आणि रजिस्टरमध्ये काही लिहिलं नाही.

मग एक गोष्ट योगायोगानेच ध्यानात आली. सोमवारी ती लेबल लावायला विसरली आणि त्या खेपेला उजवा मासा मजेत फिरत राहिला. ताईने पत्रा पाडला, लेबल लिहून लावलं, पत्रा उचलला. मासा थिजला. तिने सफाईवाल्या बाईंना बोलावून त्यांच्याकडून तोच शब्द लिहून घेतला आणि स्वतःचं लेबल काढून त्यांचं लावलं. मासा फिरायला लागला. “माझं अक्षर एवढं वाईट आहे होय?” बाई हसल्या. ताईने पुन्हा आपलं लावलं. तिच्या अक्षरातलं लेबल असलं की समोर काहीतरी असायचं, नसलं की नसायचं. लेबल बाहेरच्या बाजूला होतं. माशाला ते दिसण्याची सोयच नव्हती, आणि दिसलं असतं तरी मासे वाचत नाहीत.

तो शब्द तिने एकदा खोटा कुठे लिहिला होता ते तिला पक्कं आठवत होतं.

चौदा महिन्यांपूर्वीची गोष्ट. पहिल्या मालिकेतली एकोणिसावी खेप; तेव्हा रिकामी खेप कितवी घ्यायची ते ठरलेलं नसे. डाव्या टाकीत मासा होता. थेंब पडला, मासा वेड्यासारखा पळाला आणि तळाशी थिजला. उजवा मात्र ढिम्म. काचेशी जाऊन त्याने शेजाऱ्याचे हाल बघितले आणि आपला पुन्हा फिरायला लागला. अशा नकोशा खेपा आधीच चार झाल्या होत्या. ही धरली असती तर सगळा निष्कर्ष काठावरून खाली जात होता, आणि निबंध महिनाअखेर पाठवायचा होता.

सरांचा आवाज मऊ होता. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला आज्ञा केली नाही. ते फक्त शक्यता मांडायचे. रजिस्टरवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “ताई, या खेपेला डावी टाकी रिकामी असण्याची शक्यता आहे का?”

ताईला काय ते समजलं. डावी टाकी रिकामी असेल, तर उजव्याचं निवांत फिरणं हे अपयश नव्हे, तो उत्तम पडताळा. एक शब्द बदलला की वाईट खेप चांगली होत होती. तिने माशाचा क्रमांक खोडला आणि वर लिहिलं, रिकामी. तळाशी थिजलेला तो मासा तिने जाळीने उचलून बर्फाच्या पाण्यात सोडला. खेप संपली की सगळ्यांना मारायला तिथेच सोडतात, एवढंच की या वेळी त्याची नोंद कुठेच झाली नाही.

पण मास्तर रोज संध्याकाळी मासे मोजायचे. मास्तर म्हणजे माशांची देखभाल करणारे. ते शाळेत कधी शिकवायला नव्हते. माशांना रागावायचे, हजेरी घ्यायचे, दंगा करणाऱ्याला वेगळ्या टाकीत ‘उभं’ करायचे, म्हणून मास्तर. बावीस वर्षांत त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. वार्षिक तपासणीत त्यांच्या वहीत एक मासा कमी निघाला आणि ताईच्या रजिस्टरमध्ये तो वापरलेलाच नव्हता. चौकशी झाली. मास्तर म्हणाले, “टाकी रिकामी नव्हती. मासा मीच सोडला होता, ताई समोर उभ्या होत्या.” सगळे ताईकडे वळले. ताई म्हणाली, “टाकी रिकामी होती.” आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं तिला नंतर कित्येक दिवस नवल वाटत राहिलं. मास्तर तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बरं.” हलगर्जीपणाचा शेरा मारून त्यांना काढलं. निबंध गाजला. सरांची पाठ थोपटली गेली, आणि ताईचं नाव कायम नेमणुकीसाठी पुढे पाठवलं गेलं.

ताई सरांकडे गेली आणि तिने लेबलाची गोष्ट सोडून बाकी सगळं सांगितलं. सरांनी आलेख उलटसुलट करून बघितले. एकोणिसाव्या खेपेबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, तेही बोलले नाहीत. दोघांनी चौदा महिने मूग गिळले होते, आता तोंड उघडायचं तरी कोणी.

“समिती येऊन जाऊ दे,” सर म्हणाले. “तोवर पडताळ्याच्या खेपा थांबवण्याची शक्यता आहे का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मास्तरांना शोधत गेली. ते आता एका फर्निचरच्या दुकानाच्या मागच्या गोदामात राखणीला होते. प्लास्टिक न काढलेल्या सोफ्यांच्या रांगेत एका स्टुलावर बसले होते. एवढे सोफे असून ते स्टुलावर बसले होते. तिला बघून ते उठून उभे राहिले, आणि तेच तिला सहन होईना.

“बसा, मास्तर.”

“तुम्ही बसा. त्याच्यावर बसलं तरी चालेल, मालक नाहीत.”

ती बसली नाही. “एक विचारायचं होतं. त्या दिवशी टाकीत मासा होता ना?”

“कुठल्या दिवशी?”

“तुम्हाला माहिती आहे.”

मास्तरांनी सोफ्यावरची नसलेली धूळ हाताने झटकली. “टाकी रिकामी होती, ताई.”

“मी खोटं बोलले होते, मास्तर.”

“तुम्ही कशाला खोटं बोलाल? शिकलेली माणसं तुम्ही.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं. “चार महिने मी घरात हेच धरून बसलो. मासा होता, मासा होता. बायको म्हणाली, आता पुरे करा. मुलगी म्हणाली, बाबा, वय झालं की चुकतं माणूस. मग एके दिवशी मी म्हटलं, बरं, नव्हता. त्या दिवशी कुठे डोळ्याला डोळा लागला.”

“मी समितीला खरं सांगणार आहे. तुम्ही याल माझ्याबरोबर?”

“साक्षीदार हवाय होय?” मास्तर हसले. “आता मला तो आठवतच नाही हो. बावीस वर्षांतले बाकीचे आठवतात. आंधळा होता एक, तो आठवतो. तो एकच नाही. आठवायला गेलं की नुसतं पाणी दिसतं.” ते पुन्हा स्टुलावर बसले. “मासे बरे आहेत ना?”

“बरे आहेत,” ताई म्हणाली. येताना ती दोन बस सोडून चालत आली. तिला स्वतःची किळस वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता तो मास्तरांचा, कारण त्यांनी तिला साधी शिवीसुद्धा दिली नव्हती.

समितीच्या दिवशी सकाळी आईने तिच्या साडीची निरी सारखी केली. “कायम होऊन ये,” ती म्हणाली, “नाहीतर सरळ सांग, मी तुला टंकलेखन शिकवते.” ताई हसली. तिने मनाशी ठरवलं होतं. आधी खेप नीट करून दाखवायची, म्हणजे हिला काम येत नाही असं कोणी म्हणायला नको. मग एकोणिसाव्या खेपेचं पान उघडून सांगायचं. मग जे होईल ते होईल.

तिने डावी टाकी भरली, एक मासा जाळीने आणला, सोडला. लेबलावर त्याचा क्रमांक लिहिला, दोनशे चार. लिहिताना पेनची शाई बोटाला लागली. उजव्या टाकीत दुसरा मासा सोडला, मध्ये काळा पत्रा घातला, आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

समितीत तिघं होती. अध्यक्षबाई जाड चष्म्याच्या, बारीक आवाजाच्या. एक टक्कल पडलेले गृहस्थ, आणि एक सारखे फोनमध्ये डोकं घालून बसणारे. मागे सर. त्या एवढ्याशा खोलीत पाच माणसं म्हणजे श्वासालाही जागा नव्हती.

अध्यक्षबाईंनी वाकून डाव्या टाकीत बघितलं. “ही पडताळ्याची खेप का? आधी तीच दाखवताय?”

“नाही,” ताई म्हणाली. “यात मासा आहे.”

सगळे वाकले. फोनवाल्यांनीही मान वर केली.

“कुठे?”

“हा काय. तळापासून चार बोटं वर. आता काचेकडे येतोय बघा.”

तो येत होता. निळ्या पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या. तोंडाची उघडझाप चालली होती.

टक्कलवाल्या गृहस्थांनी घसा साफ केला. अध्यक्षबाई हसल्या. वेड्या माणसाशी जपून बोलताना चांगली माणसं हसतात, तेवढंच.

“मला दिसत नाही बाई. तुम्हाला दिसतो?” त्यांनी बाकीच्यांना विचारलं. बाकीच्यांनी माना हलवल्या.

ताईने सरांकडे बघितलं. सर टाकीकडे बघत होते. जरा जास्तच वेळ बघत होते. मासा डावीकडे वळला, आणि सरांचे डोळे त्याच्याबरोबर डावीकडे गेले. तिने ते पाहिलं. मग त्यांनी नजर उचलली.

“ताई,” ते मऊ आवाजात म्हणाले, “डावी टाकी रिकामी असण्याची शक्यता आहे का?”

तिने लेबल बघितलं. लेबलावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, रिकामी.

शाई अजून तिच्या बोटावर होती.

मास्तर चौकशीच्या दिवशी कुठे उभे होते ते तिला आता नेमकं समजलं. तोंडातून दोनच शब्द काढायचे होते, मासा आहे. ते काढले की रजिस्टर उघडता आलं असतं, पान दाखवता आलं असतं. आणि काढले की ती बाहेर. पुढच्या वर्षी पत्र येणार नव्हतं. पंचेचाळिशीचा दरवाजा तर लागतच आला होता. भ्रम झालेल्या बाईच्या कबुलीला तरी कोण विचारतं?

मासा काचेपाशी थांबला होता. तिच्याकडे तोंड करून.

“ताई?” सर म्हणाले.

“हो,” ताई म्हणाली. “रिकामी आहे. माझी चूक झाली.”

बोलून होईपर्यंत मासा होता. बोलून झाल्यावर नव्हता. डाव्या टाकीत पाणी होतं, आणि त्यापलीकडे खोलीची पांढरी भिंत.

सरांनी स्वतः पत्रा उचलला. उजवा मासा काचेशी आला आणि थिजला. “हा सकाळपासून जरा थकलेला आहे,” सर म्हणाले, आणि समितीने मान डोलावली. अध्यक्षबाईंनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला, तिला झोप पुरेशी मिळते का ते विचारलं, आणि अकरा वर्षांच्या कामाबद्दल चार चांगले शब्द बोलल्या. एक वाजता निर्णय झाला. तिने घरी फोन लावला.

“कायम?” आईने विचारलं.

“कायम.”

“बरं झालं बाई. आता मी मरायला मोकळी.” आई हसली, आणि मग हसता हसता रडायला लागली. ताईला रडू आलं नाही. आनंद म्हणावा असंही काही आलं नाही. अकरा वर्षं जिची वाट बघितली ती गोष्ट मिळाल्यावर आत नुसतं सपाट वाटत होतं.

अडीच वाजता ती छोट्या खोलीत परत गेली. टाक्या धुवायच्या होत्या. उजवा मासा अजून तळाशी तसाच होता. तिने डाव्या टाकीवरचं लेबल नखाने खरवडून काढलं, बाही वर केली आणि नळी लावण्याआधी हात पाण्यात घातला. का घातला, ते तिला सांगता आलं नसतं.

पाणी कोमट होतं. तिने बोटं पसरली, तळापर्यंत नेली, कोपरे चाचपले. काही लागलं नाही. हात मधोमध आणून तिने तळवा वर केला आणि थांबली.

थोड्या वेळाने तळव्यावर काहीतरी येऊन टेकलं.

थंड, गुळगुळीत, बोटाच्या दोन पेरांएवढं. कल्ल्यांची उघडझाप तिला कातडीवर लागत होती. ती वाकून बघत होती. हातावर काहीही नव्हतं. तिने हात हलवला नाही. बाहेर काढला तर ते मरेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

दार उघडलं. सर होते, हातात लांब पाकीट. ते तिचंच असणार.

“ताई?”

“या ना, सर,” ती डोळे पुसत म्हणाली.

सरांनी खोलीभर नजर फिरवली. स्टूल, कॅमेरा, उजवी टाकी, डावी टाकी. नजर तिच्या चेहऱ्यावरून गेली आणि थांबली नाही.

“सर, मी इथे आहे.”

“खोली रिकामी आहे, घरी गेल्या वाटतं,” सर मागे वळून कोणाला तरी म्हणाले. “असू दे, उद्या देऊ.”

ती पुन्हा बोलली. या वेळी मोठ्याने.

सर विजेच्या बाबतीत फार काटेकोर. त्यांनी बटण दाबून दिवा घालवला आणि दार ओढून घेतलं.

अंधारात ताईचा हात पाण्यातच होता. तळव्यावर टेकलेलं ते गेलं नाही. ते थोडं बाजूला सरकलं, जागा करून दिल्यासारखं, आणि त्याच्या शेजारी दुसरं एक येऊन टेकलं.